उलट्या गिटारची लिबा कॉटन: ऐकणारं कोणी आहे का इथे?

सहावी तार

पंधरा दिवस झाले, घरात एकच गाणं चालू आहे. काल भांडी लावता लावता बायको म्हणाली, "ही मालगाडी एकदाची यार्डात घाल रे बाबा." गाण्याचं नावच 'फ्रेट ट्रेन'. तिचं काही चूक नाही.

गिटार शिकायला बसलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हे गाणं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच येतं. अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरायचा आणि बोटांनी बारीक तारांवर चाल काढायची, या प्रकाराची ती बाराखडीच. मीही तसाच शिकलो, कॉलेजात, एका मित्राने दिलेल्या झेरॉक्सवरून. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पारंपरिक'. म्हणजे कोणाचंच नाही. पुढची वीसेक वर्षं मी ते कोणाचंच नाही असं समजून वाजवत होतो.

ते एलिझाबेथ कॉटनचं आहे. लिबा कॉटन. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, वाजवणारी बाई. आणि तिने ते रचलं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती.

जन्म १८९३चा, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबरो गावातला. घर रेल्वेच्या रुळांजवळ. हे 'एलिझाबेथ' नावसुद्धा तिचं तिने घेतलेलं: घरी टोपणनावानेच हाक मारायचे, शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तेव्हा तिने एलिझाबेथ सांगून टाकलं. थोरला भाऊ घरात नसताना त्याचा बँजो चोरून वाजवायची. भाऊ गाव सोडून गेला तसा बँजोही गेला. मग पोरगी लोकांच्या घरी कामाला लागली. पगार महिना पाऊण डॉलर. त्यातून घेतली पावणेचार डॉलरची स्टेला गिटार. करा हिशेब. पाच महिन्यांचा पगार, एक छदाम खर्च न करता.

ती डावखुरी होती आणि गिटार उजव्यांची. तिने तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. म्हणजे जाड तारा खाली जमिनीकडे, बारीक तारा वर. अंगठा आपसूक बारीक तारांवर पडला आणि बोटं जाड तारांवर. सगळं जग अंगठ्याने ठेका धरतं आणि बोटांनी गातं. ही अंगठ्याने गाते. हे शिकवायला तिला कोणी नव्हतं आणि 'असं नसतं वाजवायचं' म्हणून अडवायलाही कोणी नव्हतं, हे बरंच झालं.

सतराव्या वर्षी लग्न, मग मुलगी, मग चर्चमधल्या मंडळींचा आग्रह की ही असली संसारी गाणी सोड, देवाची म्हण. तिने गिटार सोडली. वर्ष-दोन वर्षं नाही, काही दशकं.

पुढचा भाग जिथे तिथे वाचायला मिळतो म्हणून उरकतो. १९४०च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात ती बाहुल्या विकायच्या कामावर होती. तिथे एक चुकलेली छोटी मुलगी सापडली, तिने ती आईकडे पोहोचवली. आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, मुलगी पेगी सीगर. रूथने लिबाला घरी कामाला ठेवलं. वडील चार्ल्स सीगर संगीताचे अभ्यासक, सावत्र भाऊ लोकगायक पीट सीगर. त्या घरात जिकडे तिकडे लोकगीतं. स्वयंपाकघरात भिंतीवर गिटार टांगलेली असायची, आणि एक दिवस मोलकरीणबाई ती वाजवताना सापडल्या. पेगीचा भाऊ माइक याने रिळांच्या टेपरेकॉर्डरवर तिचं वाजवणं टिपलं आणि १९५८ साली फोकवेज कंपनीने तिची पहिली तबकडी काढली. बाईंचं वय पासष्ट.

आता माझी तक्रार. ही गोष्ट इतकी गोड आहे की सांगणारा तिथेच थांबतो. चुकलेली मुलगी, भिंतीवरची गिटार, भला माणूस, टाळ्या. म्हणजे सीगर कुटुंबाला एक बाई सापडली, एवढंच त्यातून उरतं. बाईंनी केलं काय? अकरा-बाराव्या वर्षी एक असं गाणं बांधलं की त्यातला एक सूर हलवायची सोय नाही. सी मेजरमध्ये निवांत चाललेलं असतं, मध्येच ई-सेव्हन नावाचा एक कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) येतो आणि तिथून एफ या कॉर्डवर उतरतं. त्या एका वळणावर माझ्या पोटात अजून कालवाकालव होते. हे अपघाताने होत नाही. त्याला रचनाकार लागतो.

ऐकलं असेल त्यांनी लिहा. नसेल ऐकलं तर आधी ऐका, मग लिहा.

निंबोणी

लेख वाचून लगेच ऐकलं. खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं, आवाज थकलाय, सूर जरा इकडेतिकडे होतोय. दुसऱ्यांदा शब्द कळले. मुलगी म्हणतेय की मी मेले की मला चेस्टनट स्ट्रीटच्या टोकाला पुरा, म्हणजे तिथून जाणारी नऊ नंबरची गाडी मला ऐकू येईल. हे अकरा-बारा वर्षांच्या पोरीने लिहिलंय! आणि आपण ऐकतोय ते साठी ओलांडलेल्या बाईच्या आवाजात. म्हातारपणी गाताना तिला ते गाणं वेगळं लागलं असेल का? की तेच?

पोटभाडेकरू

पुढील लेखनास शुभेच्छा. हेडफोन लावून ऐकतो.

खडूस मास्तर

लेख बरा आहे, पण दोन गोष्टी खटकल्या.

एक, ही बाई तुम्ही म्हणता तशी 'ब्लूज'वाली वाटत नाही. ब्लूज म्हणजे मिसिसिपी, काचेची नळी तारांवर घासून काढलेले ओरखडे, चौरस्त्यावर सैतानाशी सौदा केल्याच्या दंतकथा. हे तर दुपारी व्हरांड्यात बसून शेंगा सोलत ऐकायचं संगीत आहे.

दोन, दुर्लक्षित कसली? तिला ग्रॅमी मिळालं आहे. आपल्याला ठाऊक नव्हतं म्हणून जगालाही ठाऊक नव्हतं, हा आंतरजालावरचा जुना आजार.

सहावी तार

मास्तर, शेंगा सोलण्याला आपली हरकत नाही, उपमा चपखल आहे.

ब्लूजचं मिसिसिपी हे एकच गाव नाही. अ‍ॅपलेशियन डोंगर आणि अटलांटिकचा किनारा यांच्या मधल्या पट्ट्याला पिडमाँट म्हणतात, शब्दशः 'डोंगराचा पायथा'. व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया. तिथला ब्लूज वेगळा. ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड बॉय फुलर, रेव्हरंड गॅरी डेव्हिस ही त्या पट्ट्याच्या शैलीची मंडळी. त्यांच्या वाजवण्यात रॅगटाइम या जुन्या अमेरिकन प्रकारातला पियानो शिरलेला असतो. पियानोवाल्याचा डावा हात जो 'धम्-चक् धम्-चक्' करतो तो इथे अंगठ्यात येतो. लिबाच्या बाबतीत तो बोटांत आला. आणि बोट तार वर ओढतं, अंगठा तार खाली दाबतो. त्यामुळे तिचा ठेका मऊ आणि चाल ठसठशीत. तुम्हाला व्हरांडा आठवतो तो त्या मऊ ठेक्यामुळे.

शिवाय 'वॉशिंग्टन ब्लूज' नावाची तिची रचना आहेच. नावातच लिहिलंय, आता काय शिक्का मारून हवा?

ग्रॅमीचं म्हणाल तर ते १९८५ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. १९८७च्या जूनमध्ये ती गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २०२२ साली, जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर. गाणं गिटारवाल्यांच्या घराघरांत आणि नाव झेरॉक्सवर 'पारंपरिक', याला मी दुर्लक्ष म्हणतो. तुमचा शब्द वेगळा असेल.

डावखुरी

आयडीवरून कळलं असेल, हा धागा माझ्यासाठीच आहे :)

मी डावखुरी. शिकायला गेले तेव्हा सरांनी दोन पर्याय दिले: उजव्या हाताने शीक, नाहीतर तारा उलट्या लावून आण. तिसरा पर्याय असू शकतो हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी उजव्या हाताने शिकले. बारा वर्षं झाली, अजून जलद वाजवताना उजवा हात घाबरतो.

काल रात्री गिटार उलटी धरून बसले. आधी सी मेजर. नेहमीची बोटं नेहमीच्या जागी ठेवली तर सगळं आरशात बघितल्यासारखं. करंगळीच्या जागी तर्जनी, तर्जनीच्या जागी काहीच नाही. ओळखीच्या घरात दिवे गेल्यावर चालावं तसं. वीस मिनिटांनी सी लागला. मग अंगठा वरच्या तारेवर टेकवला आणि चालीचे पहिले चार सूर काढले. सता (सहावी तार) म्हणतात ते खरं आहे. अंगठ्याने काढलेला बारीक तारेचा सूर गोल येतो. बोटाने काढला की टोकदार.

जाड तारांवर बोटं फिरवणं मात्र भयंकर. ठेका जमेना. तो जमला की कळवते.

जाईजुई

माझा गिटारशी संबंध नाही, पण 'चर्चवाल्यांनी सोडायला लावलं' तिथे अडकले.

माझी आजी (वडिलांची आई) माहेरी पेटी वाजवायची. तिच्या वडिलांनी आणून दिली होती. लग्नात पेटी बरोबर आली आणि सासरी आल्यावर धाबळीत गुंडाळून पलंगाखाली गेली. कोणी 'वाजवू नको' असं म्हटलं नाही. नुसतं कोणी 'वाजव' म्हटलं नाही. पुढे सहा मुलं, सोवळंओवळं, पाव्हणेरावळे. मी दहाएक वर्षांची असताना आम्ही दिवाळीला ती पेटी बाहेर काढली. भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली. आजी खाली बसली, एका हाताने भोकं दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने एक पद वाजवलं. अर्धंच. मग म्हणाली, "बास, दूध उतू जाईल." चुलीवर दूध नव्हतंच.

तिचं नाव कोणत्या तबकडीवर येणार नव्हतं. पण लिबाचं ऐकताना मला ती भोकांवर ठेवलेली बोटं दिसत होती.

निंबोणी

जाईजुई, काय लिहिलंस गं. "दूध उतू जाईल."

खडूस मास्तर

जाईजुई, तुमच्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. या धाग्याची गाडी आता 'राबणाऱ्या बायका आणि त्यांची गाणी' या फलाटावर लागणार हे दिसतंय. पुढचा प्रतिसाद जात्यावरच्या ओव्यांवर येईल, म्हणून मीच उरकतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. थोर काम. पण ओवी एकीची नसते. एकीने म्हटली, दुसरीने शेवट बदलला, तिसरीने भावाचं नाव घातलं. तिथे 'पारंपरिक' लिहिणं खरं आहे. लिबा कॉटनच्या गाण्यावर 'पारंपरिक' लिहिणं खोटं आहे, कारण करणारी जिवंत होती, पत्ता होता, आणि ती सांगत होती की हे माझं आहे. म्हणून कृपया दोन्ही एका पोत्यात घालू नका. सता यांचा मूळ मुद्दा तोच आहे असं मला वाटतं, आणि तो मला पटला आहे. (मी पटलं म्हटल्याची नोंद घ्यावी.)

सहावी तार

नोंद घेतली. प्रिंट काढून फ्रेम करतो.

रिळवाला

मास्तरांनी विषय काढलाच आहे तर 'कोणाचं गाणं' याचा पुढचा भाग सांगतो, तो मूळ लेखात राहिला.

लिबा सीगरांच्या घरी गायची ते ऐकत पेगी मोठी झाली. १९५६मध्ये पेगी इंग्लंडला गेली आणि हे गाणं तिथे गायली. त्या वेळी इंग्लंडात स्किफलची साथ आली होती: एक गिटार, एक धुणं घासायची पत्र्याची पाटी, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला बास, झाला बँड. गाणं कानोकानी पसरलं. दोन इंग्रज गृहस्थांनी ते आपल्या नावावर नोंदवून टाकलं. १९५७ साली चास मॅकडेव्हिटच्या बँडने नॅन्सी व्हिस्की या गायिकेला घेऊन ते काढलं आणि तिकडच्या यादीत पहिल्या पाचांत गेलं. क्वारीमेन नावाची लिव्हरपूलची पोरंही ते वाजवायची. त्यांचे पुढे बीटल्स झाले.

गाणं इंग्लंडभर वाजत होतं तेव्हा ते करणारी बाई वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्यांच्या घरचं काम करत होती. तिची स्वतःची तबकडी त्यानंतर वर्षभराने आली. सीगरांनी खटपट केली तेव्हा कुठे श्रेयात तिचं नाव आलं.

रूथ सीगर मात्र १९५३ सालीच गेली. स्वतः इतकी मोठी संगीतकार, आयुष्यभर लोकगीतांच्या रेकॉर्ड ऐकून एकेक सूर कागदावर उतरवलेली बाई. तिच्याच स्वयंपाकघरातल्या बाईची तबकडी तिला बघायला मिळाली नाही.

यार्डमास्तर

मी वरच्या लेखातली 'बायको'. खाते आजच उघडले. मालगाडीबद्दल तक्रार कायम आहे. पण आज सकाळी लोकलमध्ये मी तेच गुणगुणत होते आणि शेजारच्या बाईंनी वळून बघितलं, हेही नमूद करते.

सहावी तार

:)

पोटभाडेकरू

मी सध्या न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजपासून तासाभरावर राहतो. दोन वर्षं तिथे महिन्याचं वाणसामान आणायला जातोय (हिंग आणि पोहे). तिथे या बाईंच्या नावाची छोटी बाग आहे, पुतळा आहे, हे मला या धाग्यावरून शोधाशोध केल्यावर कळलं. शनिवारी वाट वाकडी करून गेलो. चौकातली जागा, थोडी झाडं, आणि गिटार घेतलेली बाई. थंडी म्हणजे अशी की फोन काढायला हातमोजा काढला आणि पस्तावलो.

मग वाचलं की कार्यक्रमांतून आणि तबकड्यांतून पैसे साठले तेव्हा ती मुलीला आणि नातवंडांना घेऊन वॉशिंग्टनहून इथे आली आणि घर घेतलं. १९७८ साल. पंच्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या कमाईचं घर. मला पस्तिशीत कर्ज मिळेना, असो.

तिकडे कारबरोमध्येही रुळांच्या बाजूने जाणाऱ्या सायकलवाटेला तिचं नाव दिलंय म्हणे. पुतळ्यापेक्षा ते मला जास्त आवडलं. रूळ तिथेच आहेत.

निंबोणी

कालपासून 'शेक शुगरी' ऐकतेय. हे गाणं तिने पतवंडांबरोबर रचलंय, पोरांनी एकेक कडवं जोडलेलं. घरातली एकेक वस्तू गहाण पडत जाते आणि गाणारी मजेत सांगत राहते की माझं होतं नव्हतं ते सगळं सावकाराकडे. १९६७च्या तबकडीत ते लिबा गात नाही, तिची पतवंड ब्रेंडा इव्हान्स गाते, वय बारा. लिबा मागे नुसती गिटार वाजवते.

म्हणजे बघा, बाराव्या वर्षाच्या आसपास स्वतः केलेलं गाणं म्हातारीने गायलं, आणि म्हातारपणी केलेलं गाणं बारा वर्षांच्या मुलीला दिलं. पोरगी गाताना कुठेही ठासून सांगत नाही. सपाट, शाळेतल्या कवितेसारखं म्हणते. म्हणून जास्त लागतं. माझ्या मुलीला (वय नऊ) ऐकवलं. तिने विचारलं, "गहाण म्हणजे काय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग ती हसत का गातेय?"

उत्तर दिलं नाही. सुचलं नाही.

रिळवाला

निंबोणी, ती ब्रेंडा पुढे मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या 'अनडिस्प्युटेड ट्रूथ' या गटात गायली. १९७१चं त्यांचं एक गाणं अमेरिकेत खूप गाजलं. चाल आणि बाज पूर्ण वेगळा, पण आवाज कुठून आला ते आता कळेल.

खडूस मास्तर

शेवटचा आक्षेप, मग गप्प बसतो. आवड का टिकते हे कोणीच नीट सांगितलं नाही. सगळे गोष्टीच सांगताय, आणि सता यांची तक्रार तर गोष्टींबद्दलच होती.

सहावी तार

मान्य. प्रयत्न करतो.

तिच्या वाजवण्यात दाखवणं नाही. 'व्हॅस्टपोल' म्हणून तिची एक गत आहे, शब्दांवाचून. मूळ चीज एकोणिसाव्या शतकातली, क्रायमियाच्या युद्धातल्या सेव्हस्टपोल शहराच्या नावाची. तेव्हा गिटार शिकणारे दिवाणखान्यात बसून ती वाजवायचे. त्यासाठी तारा अशा लावायच्या की गिटार नुसती मोकळी छेडली तरी डी मेजर वाजेल. ती चीज कागदावरून कानात, कानातून बोटांत असं करत कॅरोलायनात पोहोचली, नावाचा पार भुगा झाला, आणि लिबाच्या हातात आल्यावर त्यात युद्ध उरलं नाही. उरला एक डुलणारा ठेका. दुसऱ्या एखाद्या वादकाने त्यात तीन ठिकाणी करामत केली असती. ही चीज जेवढी आहे तेवढीच वाजवते आणि थांबते.

दुसरं, तिची गाणी लहान मुलाच्या मापाची आहेत. 'ओ बेब, इट एन्ट नो लाय' हे शेजारच्या बाईने तिच्याबद्दल आईला खोटं सांगितलं आणि हिला शिक्षा झाली, त्यावर आहे. एवढंसं कारण. पण लहानपणी झालेला तो अन्याय किती वर्षं टोचतो! ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडवाल्यांनी ते गायलं, बॉब डिलन मैफलीत गायला. मोठी मोठी माणसं त्या छोट्या मापात आली. त्यांना ते ढगळ करावंसं वाटलं नाही.

यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, मास्तर. उरलेलं ई-सेव्हन ते एफच्या मध्ये आहे.

खडूस मास्तर

ऐकतो पुन्हा. शेंगा आणल्यात.

डावखुरी

अपडेट. पीट सीगरच्या 'रेनबो क्वेस्ट' या जुन्या कार्यक्रमात ती आली होती, त्याची कृष्णधवल चित्रफीत बघितली. आवाज बंद करून बघा. हात मोठे आहेत, कामाचे. बोटं फार कमी हलतात. मी जाड तारा उचलून ओढत होते, ती नुसती टेकवून सोडते. मुख्य काम तर्जनीचंच, बाकीची बोटं निवांत. मी तीन बोटांनी झटत होते म्हणून ठेका लंगडत होता.

एका बोटाने केल्यावर काल रात्री दोन ओळी सलग वाजल्या. एफ अजून धड लागत नाही, उलट्या बाजूने तर अंगठाही मदतीला येत नाही.

इथे कोणी उलट्या गिटारवर एफ कसा धरतात ते सांगू शकेल का? फोटो टाकला तरी चालेल.

सहावी तार

आरशासमोर बसून प्रयत्न करतो. यार्डमास्तरांना फोटो काढायला सांगितलंय, त्या आधी भांडी लाव म्हणताहेत.